मनगट सोडवताना हात कुठे? तक्त्याच्या कामाच्या नोंदी

५ जानेवारी

ठरलं एकदाचं. आमच्या कराटे क्लासच्या नवीन बॅचसाठी एक तक्ता आणि त्यासोबत छोटे स्लो मोशन व्हिडिओ करायचे, विषय एकच, कुणी मनगट धरलं तर सुटायचं कसं आणि त्या वेळी आपले दोन्ही हात नेमके कुठे पाहिजेत. आत्ता भिंतीवर जो तक्ता आहे त्यात दोनच चित्रं आहेत, पहिल्यात पकडलंय, दुसऱ्यात सुटलंय, आणि मधलं काहीच नाही, सगळी करामत तर मधेच असते ना! नवीन मुलं दुसरं चित्र बघतात आणि हात तिथे न्यायचा म्हणून खांद्याकडे हिसडा मारतात, समोरचा जरा दणकट असला की हात जागचा हलत नाही, मग "सर हे चालतच नाही" सुरू.

सरांची अट एकच, दोन नवख्यांनी तक्ता बघून आपलं आपण करून बघता आलं पाहिजे, शेजारी कुणी समजवायला नसताना.

व्याप्ती छोटी ठेवतेय. एका हाताने एक मनगट धरणं, त्यात सरळ पकड म्हणजे समोरच्याच्या डाव्याने माझं उजवं, आणि तिरकी पकड म्हणजे त्याच्या उजव्याने माझं उजवं. शिवाय दोन हातांनी एक मनगट. गळा, केस, मागून घातलेली मिठी हे यात नाही, तो वेगळा विषय आहे आणि एका कागदावर सगळं कोंबलं की कुणी काही वाचत नाही.

८ जानेवारी

आज फक्त पकड बघितली. सोडवायचं नाहीच, दादाने (ब्राउन बेल्टवाला, या कामात माझा पार्टनर) धरायचं आणि मी बोटं कुठे येतात ते बघायचं. धरणाऱ्याची चार बोटं एका बाजूला आणि अंगठा दुसऱ्या बाजूला, ते दोन्ही जिथे भेटतात तिथे फट, आणि पकड सगळ्यात कच्ची असते ती तिथेच. हे कराटेच्या पहिल्या महिन्यात सगळ्यांना सांगतात, "अंगठ्याकडून सुट", सगळ्यांना पाठ असतं, पण अंगठ्याकडून म्हणजे कुठल्या दिशेला हे विचारलं की गडबड होते कारण पकड बदलली की फटीची दिशा बदलते.

लिहून ठेवते. सरळ पकडीत, त्याचा अंगठा वर असेल तर फट माझ्या आतल्या बाजूला आणि थोडी वर, म्हणजे माझ्या विरुद्ध खांद्याकडे. तिरक्या पकडीत तीच फट माझ्या बाहेरच्या बाजूला उघडते. म्हणजे जी हालचाल एकात अगदी बरोबर ती दुसऱ्यात थेट त्याच्या चार बोटांवर जाऊन आदळते. भिंतीवरच्या तक्त्यात पकड कुठली ते लिहिलेलंच नाही.

९ जानेवारी

मनगट गोल नाही ही गोष्ट तक्त्यात यायलाच हवी. हाताला वरून बघितलं तर रुंद दिसतो, बाजूने बघितलं तर बारीक, कारण आत दोन हाडं शेजारी शेजारी आहेत, अंगठ्याच्या बाजूला रेडियस आणि करंगळीच्या बाजूला अल्ना. जेवणाची ताटली खिडकीच्या गजांतून बाहेर काढायची तर आपण ती उभी करतो, तसंच मनगटाची बारीक कड फटीसमोर आणायची आणि मग ओढायचं. रुंद बाजू फटीसमोर ठेवून ओढणं म्हणजे समोरच्याच्या पूर्ण मुठीशी कुस्ती.

फोटोत हे दिसावं म्हणून एक युक्ती केली. रेडियसच्या कडेवर लाल टेप, अल्नाच्या कडेवर निळी टेप, आणि दादाच्या अंगठ्याच्या नखावर पांढरी. आता फोटो कितीही साधा असला तरी कुठली कड कुठे वळलीय ते लगेच कळतं. हाताच्या रंगापेक्षा टेप उठून दिसते, त्यामुळे स्लो मोशनमध्ये पण हरवत नाही. कॅमेरा समोरून ठेवला तर काहीच कळत नाही, सगळे हात एकमेकांवर येतात. वरून, म्हणजे स्टूलवर उभं राहून खाली मोबाईल धरून घेतलेले शॉट सगळ्यात कामाचे निघाले.

१३ जानेवारी

टेपवाल्या फोटोंवरून एक ओळीचा नियम जमला असं वाटलं, "आपला अंगठा त्याच्या फटीकडे". सरळ पकडीत अंगठा वर आणि आत वळवला की लाल कड फटीसमोर येते. तिरक्या पकडीत तळवा वर करत अंगठा बाहेर वळवला की पुन्हा लाल कडच फटीसमोर. मुलांना लक्षात ठेवायला सोपं, मी तर खूश.

दादाने मग मुद्दाम वरून धरलं, तळवा माझ्या मनगटावर पालथा ठेवून. आता फट खाली! अंगठा खाली वळवायला गेलं तर कोपर वर उचललं जातं, खांदा पुढे येतो, सगळं शरीर वाकडं. पण हात थोडासा फिरवून अंगठा वर केला तर निळी कड आपोआप खाली येते आणि ती फटीतून खाली कापत निघते, गेदान बाराईत (खालचा वार अडवायचा ब्लॉक) हात ज्या रेषेने खाली जातो साधारण त्याच रेषेने. म्हणजे नियम अंगठ्याचा नाही, कडेचा आहे. लाल असो की निळी, जी बारीक कड फटीच्या जवळ असेल ती फटीसमोर न्यायची. तक्त्यावर हेच जाईल, "बारीक कड फटीसमोर". ऐकायला अंगठ्याच्या नियमाइतकं चटपटीत नाही पण खोटं पडत नाही.

१४ जानेवारी

छोटी नोंद. मूठ की उघडा हात? सर म्हणाले, "दोन्हीने करून बघ आणि मला सांग." घट्ट मूठ केली की पुढच्या हाताचे सगळे स्नायू ताठ होतात आणि हात फिरवायला जड जातो, शिवाय मनगटाचा घेर वाढल्यासारखा वाटतो. बोटं सरळ पण सैल ठेवली तर फिरवणं सोपं. सुटताना शेवटच्या क्षणी मूठ वळली तरी चालते. तक्त्यात हात उघडा दाखवतेय.

१८ जानेवारी

आजचा दिवस कोपराचा. माझ्या मते या सगळ्या टेक्निकमध्ये कोपर हीच मुख्य गोष्ट आहे आणि तिच्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं, कारण पकडलेलं मनगट असतं आणि सगळं लक्ष तिकडेच जातं.

नवखी मुलं काय करतात, हात लांब ठेवून मागे ओढतात. हात लांब असला की ओढायला फक्त खांदा आणि पाठ, समोरचा पण तेच वापरतो, मग ज्याचं वजन जास्त तो जिंकला. याच्या उलट, एक पाऊल जवळ जाऊन कोपर वाकवलं आणि ते त्याच्या कोपराच्या दिशेला सरकवलं तर माझा पुढचा हात पहार होतो. मनगट जवळजवळ तिथेच राहतं, कोपर पुढे जातं, आणि सगळा दाब त्याच्या एकट्या अंगठ्यावर येतो. कोपर कोपराकडे, एवढंच. हे वरून शूट केलेल्या व्हिडिओत इतकं स्वच्छ दिसतं की मी तो व्हिडिओ नुसता परत परत बघत बसले होते.

वाकलेल्या कोपराचा अजून एक फायदा. तळवा वर फिरवणारा सगळ्यात ताकदवान स्नायू म्हणजे बायसेप्स, आणि फिरवण्याचं काम तो कोपर साधारण काटकोनात असताना सगळ्यात चांगलं करतो. स्क्रू ड्रायव्हरने घट्ट स्क्रू फिरवताना आपण हात लांब करत नाही, कोपर वाकवून अंगाजवळ घेतो, ते याच कारणाने. म्हणजे तिरक्या पकडीत, जिथे तळवा वर फिरवत बाहेर सुटायचंय, तिथे लांब हात म्हणजे आपणच आपली ताकद घालवणं.

कोपर बरगडीपासून किती लांब? बेसिकमध्ये उची-उके या मधल्या उंचीच्या ब्लॉकला साधारण एका मुठीचं अंतर शिकवतात, तेच इथे पण बरोबर बसतं. कोपर पंखासारखं बाहेर गेलं की दाब सुटतो. बरगडीला अगदी चिकटलं की कोपर पुढे सरकवायला जागाच राहत नाही.

२२ जानेवारी

दादाने आज एक बरोबर शंका काढली. त्याचा हात मोठा, आणि बॅचमधल्या बारीक मनगटाच्या मुलीला त्याने धरलं तर त्याची बोटं अंगठ्यावर चढतात, फट उरतच नाही. मग बारीक कड कुठे नेणार?

करून बघितलं. फट दिसत नसली तरी पकड तिथेच कच्ची असते, एक अंगठा शेवटी एकटाच असतो, पण फक्त मनगट फिरवून काम होत नाही, कोपराचा दाब आणि पायाची हालचाल दोन्ही लागतात, आणि तरीही नाही हललं तर दुसरा हात मदतीला. दुसऱ्या हाताने स्वतःचीच मूठ धरायची आणि दोन्ही हातांनी मिळून फटीच्या दिशेला न्यायचं. दोन हातांनी एक मनगट धरल्यावर जे करतो तेच हे. तिथे त्याचे दोन्ही अंगठे बहुतेक वर असतात, त्यामुळे आपला मोकळा हात त्याच्या दोन हातांच्या मधून घालून स्वतःची मूठ पकडायची, आधी कोपर खाली आणि पुढे, मग मुठी वर विरुद्ध खांद्याकडे. क्रम महत्त्वाचा आहे, आधी वर ओढलं की दोन हातांच्या ताकदीशी सरळ सामना होतो.

बाही धरली तर यातलं काही लागू नाही, कारण मुठीत कापड असतं, कापड फिरवून फटीतून निघत नाही. तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात टाकते.

२६ जानेवारी

मोकळा हात. खरं सांगायचं तर हा तक्ता करायला घेतला तो यासाठीच. मुलं पकडलेला हात छान सोडवतात आणि तोपर्यंत दुसरा हात कमरेवर मुठीत गोठलेला असतो, कारण काता (हालचालींचा ठरलेला क्रम) आणि किहोनमध्ये (बेसिकचा सराव) रोज तेच केलेलं. याला हिकिते म्हणतात. कराटेच्या शोतोकान शैलीत ती कमरेशी, गोजू-र्यू शैलीत बऱ्याचदा त्याच्या वर बरगडीशी, पण जागा कुठलीही असली तरी हिकितेचा खरा उपयोग रिकामा हात ठेवण्यासाठी नाही, समोरच्याचा हात धरून आपल्याकडे ओढण्यासाठी आहे. मुठीत काही धरलेलं नसताना हात कमरेवर ठेवला की चेहरा सरळ सरळ उघडा पडतो.

या बाबतीत ओकिनावाचे जुने कराटे मास्टर मोतोबु चोकी यांचे १९२६ च्या पुस्तकातले फोटो बघण्यासारखे आहेत, त्यांचे दोन्ही हात पुढे असतात, एक दुसऱ्याच्या जवळ, कोपराच्या आसपास. ते याला मेओतोदे म्हणायचे, म्हणजे नवरा-बायकोसारखे जोडीने काम करणारे हात. एक अडवतो तेव्हा दुसरा तयार असतो, आणि कुठला कधी काय करेल ते ठरलेलं नसतं. सुटकेच्या टेक्निकसाठी मला हेच सगळ्यात बरोबर वाटतं. मोकळा हात पकडलेल्या हाताच्या कोपराच्या पुढे, छाती ते हनुवटीच्या उंचीवर, उघडा, तळवा पुढे.

उघडा का, तर तीन कामं करता येतात. समोरच्याचा दुसरा हात आला तर अडवता येतो, स्वतःची मूठ धरायला लगेच जातो, आणि बघणाऱ्याला "थांब, मला भांडायचं नाही" असंच दिसतं. तिसरं काम मला पहिल्या दोनइतकंच महत्त्वाचं वाटतं. सरांना विचारलं तर म्हणाले, "लिहून टाक, पण बारीक अक्षरात नको."

३० जानेवारी

हेयान शोदान या सुरुवातीच्या कातामधली मनगट सोडवायची जागा आठवली. कराटे मास्टर इतोसु आंको यांनी १९०० नंतरच्या पहिल्या दशकात ओकिनावाच्या शाळांसाठी पिनान काता तयार केले आणि शोतोकानच्या फुनाकोशींनी नंतर त्यांना हेयान नाव दिलं. हेयान शोदानमध्ये उजवीकडे वळून गेदान बाराई झाली की पुढचा पाय मागे येतो, हात मोठा गोल फिरून परत खाली येतो आणि तेत्सुई, म्हणजे हातोड्यासारखी मूठ. याचा एक नेहमीचा अर्थ असाच लावतात की गेदान बाराईनंतर मनगट पकडलं गेलंय, ते सोडवून लगेच वरून मारलं. सगळे पांढरे बेल्टवाले हे रोज करतात, आणि त्यातल्या कितीतरी जणांना आपण मनगट सोडवतोय हे माहीतच नसतं.

पण कातामधला गोल मोठा असतो, मुद्दाम मोठा, शिकण्यासाठी. खऱ्या पकडीत गोल लहान करावा लागतो, नाहीतर समोरचा हाताबरोबर आपल्यालाच फिरवतो. पाय मागे येतो हे मात्र जसंच्या तसं उपयोगी आहे, कारण हात सुटतो तो कंबर फिरल्यामुळे आणि वजन सरकल्यामुळे, एकट्या दंडाने नाही. माझ्या १८ तारखेच्या नोंदीत मी पाऊल पुढे म्हटलंय आणि कातामध्ये मागे, म्हणून दोन्ही करून बघितलं. आधी जवळ जाऊन कोपर पुढे, सुटताना पाय मागे. दोन्ही लागतात, एकाच टेक्निकच्या दोन वेळा आहेत त्या.

२ फेब्रुवारी

मारायचं दाखवायचं का यावर थोडी चर्चा झाली. दादाचं मत दाखवायचं, कारण समोरच्याचं लक्ष एक क्षण उडालं की पकड सैल होते, हे खरंच आहे. माझं मत, दाखवू पण मूठ नाही, तेइशो, म्हणजे तळव्याची टाच. नवख्याची मूठ डोक्याच्या हाडावर बसली तर करंगळीच्या बाजूचं पाचवं मेटाकार्पल (तळहातातलं हाड) मोडण्याची भीती असते, या फ्रॅक्चरला बॉक्सर्स फ्रॅक्चरच म्हणतात. सराव असलेला माणूस पहिल्या दोन गाठींवर मारतो, मनगट सरळ ठेवतो, अंगठा तर्जनी-मध्यमेवर बाहेर ठेवतो. नवखा घाबरून अंगठा मुठीच्या आत घालतो. तेइशोमध्ये यातलं काहीच होत नाही, बोटं थोडी मागे वाकवली, अंगठा बाजूला चिकटवला की झालं, आणि मोकळा हात आधीच उघडा असल्यामुळे त्याला आकार बदलायला वेळ लागत नाही.

शेवटी सरांनी ठरवलं, तक्त्यात मार नाही, फक्त सुटणं आणि अंतर घेणं. मार क्लासमध्ये शिकवू. मला पटलं, कारण कागदावर मार बघितला की मुलं सुटण्याचा सराव सोडून मारण्याचाच करतात.

मोकळ्या हाताने त्याचा हात आपल्या मनगटावर दाबून धरून मग त्याचं मनगट वळवायचं, हे पण दादाला घालायचं होतं. त्याला मी ठामपणे नाही म्हटलं. तिथे त्याचा हात सुटू द्यायचा नसतो, इथे सोडवायचा असतो. दोन उलट्या गोष्टी एका कागदावर ठेवल्या की नवख्याच्या हातात मधेच काहीतरी तिसरंच होतं.

६ फेब्रुवारी

फोटो फायनल केले. सरळ पकडीचे तीन, पकडलेलं, कोपर पुढे गेलेलं आणि सुटल्यावरचं. मधला फोटो बाकी दोघांच्या दुप्पट मोठा, कारण तोच बघायचाय. तिरक्या पकडीचे पण तसेच. वरून धरल्याचा फक्त मधला फोटो, बाकी समजतं. प्रत्येक मधल्या फोटोत फटीवर बाण, आणि तो बाण माझ्या शरीराच्या हिशोबाने नाही काढला. "उजवीकडे", "वर", "खांद्याकडे" असले शब्द खोडून टाकले. पकड जरा तिरकी झाली की तो शब्द खोटा पडतो, पण "त्याच्या अंगठ्याकडे" आणि "त्याच्या कोपराकडे" हे कुठल्याही पकडीत खरं राहतं. विरुद्ध खांदा फक्त दोन हातांच्या पकडीत ठेवलाय, तिथे तो बदलत नाही.

सुटल्यानंतरच्या फोटोवर थोडा वाद झाला. जुन्या तक्त्यात सुटलेला हात कमरेवर होता. मी दोन्ही हात वर, उघडे, एक पाय मागे, आणि मधे हात पोहोचणार नाही इतकं अंतर असं घेतलं. सर म्हणाले की कराटेसारखं दिसत नाही. मी म्हटलं, "सर, नको दिसू दे." हसले आणि ओके म्हणाले.

११ फेब्रुवारी

ट्रायल. नव्यातल्या दोघींना तक्ता दिला आणि आम्ही बाजूला बसलो, बोलायचं नाही असं ठरवून. सरळ पकड लगेच जमली. तिरक्या पकडीत एकीने पकडच उलटी धरली, म्हणजे सरळच, आणि तरीही सुटली, कारण ती बाण बघून अंगठा शोधत होती, फोटोशी पोज जुळवत नव्हती. मला तर हेच हवं होतं. वरून धरलेल्या पकडीत दोघी अडकल्या, निळी टेप फोटोत हाताच्या खाली जाते आणि दिसत नाही. तो एक फोटो बाजूने परत घ्यावा लागेल.

कोपराचं मात्र अजून कच्चं आहे. दोघींनी कोपर वाकवलं पण पुढे न नेता वर नेलं. आता मधल्या फोटोत समोरच्याच्या कोपरावर पण पांढरी टेप लावून दोन कोपरांच्या मधे बाण काढायचा.

१५ फेब्रुवारी

दोन्ही फोटो परत घेतले. आता वरच्या पकडीत निळी टेप दिसते. कोपराचा बाण लावला. तक्त्यावर मजकूर एवढाच ठेवला, "त्याचा अंगठा शोध. बारीक कड फटीसमोर. कोपर त्याच्या कोपराकडे. दुसरा हात वर आणि उघडा. सुटलीस की लांब जा." दादाने सुचवलं की "सुटलीस/सुटलास" असं दोन्ही लिही, लिहिलं.

बाकी राहिलेलं काम, डाव्या हाताचे व्हिडिओ, बाहीच्या पकडीसाठी वेगळं पान, आणि प्रिंट मोठी काढायची, म्हणजे तक्ता चटईवरून पण वाचता येईल.